माझा गुडघा, बाबांची पाठ

त्या लग्नात जेवलेल्या पुष्कळ जणांचं पोट बिघडलं. गुडघा मात्र माझा एकटीचाच सुजला, आणि त्याचा लग्नाशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

मी लग्नांचे फोटो काढते. नेरच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा लहानसा स्टुडिओ आहे. व्हिडिओ, एडिटिंग आणि अल्बम हे सगळं नवरा बघतो, कॅमेरा माझ्याकडे. सुरुवातीला बाई फोटो काढते म्हणून लोक बघत राहायचे. मग बायकांनाच ते बरं वाटायला लागलं. हळदीच्या वेळी पुरुष फोटोग्राफर समोर आला की बायका पदर सावरून बसतात. मी गेले की मला विसरून जातात, आणि खरे फोटो तेव्हाच मिळतात. पण या कामात गुडघे फार लागतात. उभ्याने हळद टिपली तर नुसती डोकी येतात. नवरीपुढे गुडघे टेकून बसायचं, तसंच सरकत मागे जायचं, पुन्हा उठून खुर्चीवर चढायचं. दिवसातून किती वेळा उठबस होते ते मी कधी मोजलं नाही, कारण तोवर मोजावं असं काही वाटलं नव्हतं.

ते लग्न केळापूरच्या बाजूचं, मे महिन्यातलं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्याला चटके देईल असं ऊन. जेवणात आमरस होता. आम्ही फोटोवाले आणि बँडवाले शेवटच्या पंगतीला बसतो. तोवर आमरसाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, बर्फाच्या लाद्या दोनदा सोडून झाल्या होत्या. मी तीन वाट्या घेतल्या. माझ्या नवऱ्याला आमरस आवडत नाही. लग्न झाल्यापासून मला त्याची ही गोष्ट खटकत होती. त्या दिवशी मात्र ती त्याच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा उठला. ताप आला, जुलाब लागले, आणि संध्याकाळपर्यंत जुलाबातून रक्त पडायला लागलं. इकडे फोनवर फोन. नवरदेवाचे मामा सलाइनवर, बँडवाल्यांतले काहीजण आडवे, स्वयंपाकाला आणि वाढायला आलेल्या बायकाही आजारी. बर्फ वाईट होता, की मठ्ठा, की टँकरचं पाणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नवरीच्या वडिलांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "बाई, माफ करा. पोरीच्या लग्नात असं व्हायले नोको होतं." त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मीच त्यांना धीर दिला. नेरच्या आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायला सांगितलं, आणि आठवड्याभरात मी उठून पुढच्या लग्नाला गेले. विषय संपला असं आम्ही समजलो.

साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी मी पलंगावरून पाय खाली टेकला आणि उजवी टाच अशी ठणकली की मी परत बसले. वाटलं, चप्पल बदलली म्हणून असेल. दोन दिवसांनी उजवा गुडघा जड झाला. आधी गरम लागायचा, मग फुगायला लागला, आणि बघता बघता गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. डाव्या पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं सुजलं, गाजरासारखं. नेर काही फार मोठं गाव नाही. मला स्टुडिओचा जिना लंगडत उतरताना एकाने बघितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला माहीत. कुणी म्हणालं चिकनगुन्या, कुणी युरिक अॅसिड, कुणी म्हणालं कॅमेऱ्याचं ओझं अंगावर आलं.

त्यात डोळा लाल झाला. नुसता लाल नव्हे; उजेडाकडे बघवेना, आत दाटून दुखायचं. पुढच्याच आठवड्यात एक साखरपुडा होता. नवरीची आई स्टुडिओत आली, माझ्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, बाईचे डोळे आलेत. नवरीले लागन. तुम्ही एकटेच या." तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण ती जिना उतरून गेल्यावर मी कॅमेऱ्याची बॅग उघडली, लेन्स पुसल्या, पुन्हा ठेवल्या, आणि थोडी रडले. गुडघा आणि डोळा: माझ्या कामाला लागणारं नेमकं तेवढंच बिघडलं होतं.

आई-बाबा गावाहून आले. गाव नेरपासून जवळच, रिक्षा मिळते. आईने एरंडाची पानं आणली होती, ती तव्यावर शेकून तिने गुडघ्यावर बांधली आणि वरून माझी दृष्टही काढली. बाबा दारातच उभे होते. ते कधी पटकन बसत नाहीत, आणि दिवसा आडवं पडलेलं तर मी त्यांना कधी बघितलं नाही. बराच वेळ गुडघ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सकाळी जास्त दुखते का?"

"हो. उठल्या उठल्या तर पाय हालतच नाही."

"अन् जरा चाललं का मोकळं होते?"

"हो बाबा, जरासं होते. तुमाले कसं माहीत?"

ते वळले. बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

पानांचा शेक बरा वाटायचा, पण सूज हटेना. शेवटी यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, गढूळ पाणी, मोठी सिरिंज भरून. मी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने सगळं बघितलं आणि नंतर माझ्याकडेच पाणी मागितलं. ते पाणी तपासायला पाठवलं. निकाल आला की त्यात जंतू नाहीत. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यात पू असता तर मी आजच्या आज ऑपरेशन केलं असतं. तसं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण हे हाडाचं दुखणं नाही. संधिवाताच्या एक डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदा इथे येतात. त्यांना दाखवा, आणि डोळा आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका."

संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं असा माझा समज. मी पस्तिशीची. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनीही भिंगातून बघून तेच सांगितलं: हे डोळे येणं नाही, डोळ्याच्या आतला पडदा सुजलाय, कुणाला लागत नाही. त्यांनी थेंब दिले, तास-तासाने घालायचे. आठवड्यात डोळा निवळला. ती नवरीची आई तेव्हा समोर असती तर तिला हे सांगायला मला फार आवडलं असतं.

संधिवाताच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी गुडघा दाबला, टाच दाबली, ते सुजलेलं बोट चिमटीत धरून बघितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या महिना-दीड महिन्यात जुलाब झाले होते का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे.

"झाले होते. रक्ताचे. पण मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"लघवीला जळजळ?"

ती होत होती, पण उन्हाळ्याची म्हणून मी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यासमोर सांगताना लाजल्यासारखं झालं. त्यांनी त्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि आणखी काही प्रश्न विचारले, कारण असलं दुखणं नुसत्या पोटाच्या जंतूंनीच नाही, लघवीच्या जागेच्या जंतूंनीही सुरू होऊ शकतं. त्यांनी विचारलं तेही इतकं सरळ, की मी सरळच उत्तरं दिली. मग त्याला आत बोलावलं आणि समजावून सांगितलं.

"आमरसातून किंवा पाण्यातून जंतू पोटात गेले. शरीराने त्यांच्याशी झुंज दिली, औषधानेही मदत केली, जंतू मेले. पण काही लोकांच्या शरीरात ही झुंज तिथे थांबत नाही. त्या जंतूंचे मेलेले अंश कधीकधी सांध्यांपर्यंत पोचतात, आणि शरीर आपल्याच सांध्यांवर, टाचेवर, डोळ्यावर भडकतं. असं का होतं ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही. पण जंतू गुडघ्यात जिवंत नसतात. म्हणून तुमच्या पाण्यात काही सापडलं नाही."

माझा नवरा जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे वऱ्हाड घरी गेलं, मांडव निघाला, अन् बँडवाले अजून वाजवूनच राह्यले."

डॉक्टर हसल्या. "पुढच्या पेशंटला मी हेच सांगेन."

"मग बँड थांबतो कधी?" मी विचारलं.

"बहुतेकांचा सहा महिन्यांत, वर्षभरात थांबतो. काहींचा लांबतो. आपण तो आधीच थांबवायचा प्रयत्न करू." त्यांनी गुडघ्यातलं पाणी पुन्हा काढून आत एक इंजेक्शन दिलं, सुजेच्या गोळ्या दिल्या, आणि नंतर लागलीच तर एक पिवळी गोळी सुरू करू म्हणाल्या. सूज असेपर्यंत गुडघ्यावर बसायचं नाही; पण पडूनही राहायचं नाही, हातपाय हलवत राहायचं.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती, ती मी विचारलीच. "मॅडम, त्या पंगतीला एवढी माणसं होती. सगळ्यांचं पोट गेलं. मग मलाच काहून?" त्यांच्याशी मी शुद्ध बोलत होते, पण हा 'काहून' निसटला.

त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. काही लोकांच्या रक्तातल्या पेशींवर एक जन्मजात खूण असते, म्हणाल्या. बी-सत्तावीस म्हणतात तिला. ती असली की असा भडका उडण्याची शक्यता जास्त. ती आई-वडिलांकडून येते. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाची पाठ सकाळी फार ताठते का? वर्षानुवर्षं? किंवा कुणाचा डोळा असा मधूनमधून लाल होतो?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले.

बाबा बांगड्यांचा धंदा करायचे. खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं घेऊन नेरच्या आसपासची खेडी फिरायचे, आणि लग्नसराईत नवरींना चुडा भरायला जायचे. त्यांच्या हातात जादू होती असं बायका म्हणत. कितीही कडक हात असो, काच न फुटता बांगडी जायची. पण ते वाकत नसत. दुसरे कासार जमिनीवर बसून बांगड्या भरत. बाबा बाईला ओट्यावर, खाटेवर, कुठेतरी उंच बसवत आणि स्वतः उभ्याने भरत. देवळातही त्यांना कुणी वाकून नमस्कार करताना बघितलं नाही. हात जोडून उभे राहत. वडीलधाऱ्यांच्या पायाही पडत नसत. यावरून आमच्या नात्यात कितीतरी रुसवेफुगवे झाले. गावाने त्यांना 'ताठ्या' नाव ठेवलं होतं. मी फोटो काढायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की "बाबा, इकडे पाहा" म्हटलं की त्यांची मान वळत नाही. ते अख्खे वळतात, कपाट वळवावं तसे. तो त्यांचा रुबाब आहे असंच मला वाटत आलं. आणि डोळा? दर एक-दोन वर्षांनी त्यांचा एक डोळा लाल व्हायचा. आई त्यांचा टॉवेल वेगळा ठेवायची. आम्हा कुणालाच कधी लागला नाही तो.

माझ्या रक्तात ती खूण निघाली.

पुढच्या रविवारी मी आणि नवरा गावी गेलो. बाबा ओसरीत खांबाला पाठ टेकून उभे होते. मी खाटेवर पाय लांब करून बसले आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी आता म्हातारा झालो पोरी. म्हाताऱ्याची पाठ दुखतेच. तू तुझा गुडघा पाह्य."

"बाबा, तुमची पाठ म्हातारपणी नाही दुखायले लागली. मी शाळेत होती तवापासून तुम्ही असेच आहात."

"त्याच्याही आधीपासून," आई आतून म्हणाली. "लगन झालं तवापासून."

"दवाखान्यात जाऊन काय होईन?" बाबा म्हणाले. "सारी उमर गेली."

मला वाद घालायचा नव्हता. मला त्यांची भीती दिसत होती. आयुष्यभर ज्याला माणूस स्वभाव म्हणत आला त्याला कुणीतरी रोग म्हणणार होतं. मी एवढंच म्हटलं, "तुमचं कळलं तर माझं पुढे काय होईन थेही कळन. माझ्यासाठी चला."

ते खरंही होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. बाबा खांबापासून बाजूला झाले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी येतो मग."

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, यवतमाळला गेलो. मी काठी टेकत आणि बाबा ताठ. दवाखान्यातल्या बायकांना आमच्यातला पेशंट कोण ते कळेना. डॉक्टरांनी बाबांना भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लावायला सांगितली. लागली नाही. मधे हाताचा पंजा मावेल इतकी जागा राहिली. बाबांनी जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, तरी नाही. मी मान खाली घातली. मग छातीभोवती टेप लावून त्यांनी खोल श्वास घ्यायला सांगितला. छाती फुगलीच नाही म्हणावं इतकी कमी फुगली. मग एक्स-रे. काळ्या फिल्मवर त्यांनी बोटाने दाखवलं, पाठीचे मणके एकमेकांत जुळून गेले होते, मधल्या फटी बुजून सगळं सलग झालेलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी 'बाबा' म्हटलेलं मला फार आवडलं, "हा आजार तुम्हाला विशी-पंचविशीत सुरू झाला असणार. जे मणके जुळलेत ते आता सुटणार नाहीत, ते मी खोटं सांगणार नाही. पण सगळं जुळलेलं नाही. मानेत थोडी हालचाल आहे, खुब्याचे सांधे चांगले आहेत. आणि सूज अजून चालू आहे, म्हणून तर आडवं पडल्यावर दुखतं. ती सूज कमी करता येते. दुखणं कमी करता येतं. रोजचा व्यायाम करायचा, तो मात्र औषधाइतकाच महत्त्वाचा."

बाबांनी विचारलं, "म्हणजे हे दुखणं होतं?"

"हो. दुखणंच होतं."

"लोक म्हणे घमंड आहे."

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घालून आईच्या हातात दिली.

"आणि मला झालं तसं आमरसानं यांनाही झालं का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, तसं सांगता येणार नाही. दोन्ही दुखणी एकाच घराण्यातली, चुलत भावंडांसारखी. माझं जंतूंमुळे जागं झालं. बाबांचं कशाने जागं झालं ते आता कोण सांगणार. माझं पुढे बाबांसारखं होईलच असं नाही, बहुतेक नाहीच होणार, पण पाठ सकाळी ताठायला लागली तर लगेच या. मला नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचंही मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ही खूण असलेल्या बहुतेक माणसांना जन्मभर काही होत नाही. तिचं रक्त आत्ता तपासायची गरज नाही. तिला खेळू द्या, आणि हात धुवून जेवायची सवय लावा, ती तशीही चांगलीच.

बसस्टँडवर गाडीला वेळ होता. मी चहा आणायला गेले आणि परत आले तेव्हा आई बाबांशी बोलत होती. त्यांचं लक्ष नव्हतं माझ्याकडे, आणि मी जरा मागेच थांबले.

"पहाटी उठून गावभर फिरत होते तुमी, थे याच्यासाठी?"

"आडवं पडलं का पाठ लोखंडासारखी होये. चाललं का मोकळी होये."

"म्या समजो, याईले घरात करमत नाही. माह्याजवळ करमत नाही. मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? मले वाटे सगळ्याईचीच पाठ दुखते. फक्त कोणी बोलत नाही."

आईने पदराने तोंड पुसलं. मी चहाचे कप पुढे केले. आईने स्वतःचा कप आधी बाबांच्या हातात दिला, मग त्यांच्याकडचा घेतला. दोन्ही कप सारखेच होते, मला तरी त्यात काही फरक दिसला नाही. पण बाबांनी तो घेतला आणि गाडी येईपर्यंत दोघंही बाकावर शेजारी बसून राहिले.

माझं दुखणं पावसाळाभर रेंगाळलं. सोयाबीन फुलावर होतं तेव्हा मी काठीवर होते, शेंगा भरल्या तेव्हा काठी सुटली. मधे एकदा दुसरा गुडघाही सुजला आणि मी खचले. तेव्हा डॉक्टरांनी ती पिवळी गोळी सुरू केली आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला लावलं. टाच सगळ्यात शेवटी बरी झाली. दिवाळीत मी स्टुडिओचा जिना कठड्याला न धरता उतरले, आणि खालच्या किराणावाल्याने तराजू हातात धरूनच विचारलं, "काय वैनी, आज पाय नवा बसवला का?" तुळशीचं लग्न लागून सराई सुरू झाली तेव्हा मी पहिल्या हळदीला गेले. गुडघे टेकायची हिंमत होईना. मग मी एक बसका पाट सोबत नेला आणि त्यावर बसून फोटो काढले. ते फोटो आधीच्यांपेक्षा स्थिर आले असं नवऱ्याचं मत. मी आता वाट्टेल तिथे जेवत नाही. डबा नेते, पाणी घरचं नेते. यजमानांना राग येऊ नये म्हणून गरम पोळी आणि भाजी घेते. आमरस घरी करते.

बाबांचं हळू झालं, पण झालं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी गोळी सोडून द्यायचं ठरवलं होतं, कारण दुखणं इतकं कमी झालं की त्यांना भीती वाटली. "दुखत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं असन," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना फोन लावून दिला तेव्हा पटलं. व्यायामाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. सकाळी अंगणातल्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात, हात वर नेतात, मान हळूहळू इकडे-तिकडे नेतात, आणि खोल श्वास घेऊन फू करून सोडतात. सुरुवातीला शेजारच्या बायका कुंपणावरून बघून हसायच्या. आता त्यातल्याच एक आजीबाई, ज्यांचे खांदे धरतात, बाबांच्या शेजारी उभ्या राहून हात वर करतात. बाबा त्यांना चुकलं तर सांगतात. डोळा एकदा पुन्हा लाल झाला, पण या वेळी आम्ही टॉवेल वेगळा न ठेवता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तो लवकर निवळला.

पाठ अजूनही ताठच आहे. मान वळते थोडी, पण कपाट वळवावं तसे ते अजूनही वळतात. नात्यातल्या एका लग्नात मी आईला सगळ्यांना मोठ्याने सांगताना ऐकलं, "याईच्या पाठीची हाडं जुळलेली आहेत. फोटू आहे आमच्याजवळ." एक्स-रेला ती फोटू म्हणते. ज्या काकांनी पाया पडला नाहीस म्हणून बाबांशी कित्येक वर्षं अबोला धरला होता, ते तिथेच होते. ते उठून आले आणि बाबांच्या शेजारी बसले. फार काही बोलले नाहीत, कापसाचं बोलले.

या फेब्रुवारीत तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांचं सगळं विचारून झालं आणि बाबा म्हणाले, "मॅडम, मले एक विचारायचं होतं. माही बहीण झरी जामणीकडे राहते. जंगलातलं गाव आहे. गाडीत लय वेळ बसा लागते. बसलं का पाठ धरे म्हणून मी कैक वर्षांत गेलोच नाही. आता जाऊ का?"

मला हे माहीतच नव्हतं. आत्या मोठ्या कार्यांना यायची, आम्ही कुणी गेलो नाही, एवढंच मला ठाऊक. तिकडून ती बोलवायची आणि बाबा काहीतरी कारण सांगायचे.

डॉक्टर म्हणाल्या, "जा की. मधे मधे उतरून जरा चाला. गोळी सोबत ठेवा."

मी सोबत येते म्हटलं, नवरा गाडी करू म्हणाला. बाबा कुणाचं ऐकेनात. एका सकाळी आईला घेऊन ते निघाले. यवतमाळला उतरून चालले, पांढरकवड्याला उतरून चालले, आणि दुपार कलल्यावर तिथे पोचले. मला त्या दिवशी एका लग्नाचं काम होतं, त्यामुळे फोन घेता आला नाही. संध्याकाळी मीच लावला. आत्याने उचलला.

"पोचले का बाबा?"

"पोचले. जेवले. मोहाच्या झाडाखाली खाट टाकून देली अन् झोपले."

"झोपले? आडवे?"

"मग कसे झोपतीन?" आत्या म्हणाली. "उठवू का?"

"नाही, नको," मी म्हटलं. "झोपू दे."